ठिपक्यांच्या मधला त्रिकोण

रांगोळीचे ठिपके ‘अकरा ते सहा’ म्हटल्याबरोबर इथल्या निम्म्या जणींची बोटं चिमटीत आली, मी पाहिलं! मधल्या ओळीत ११ ठिपके, मग वर आणि खाली एकेक कमी करत ६ पर्यंत, प्रत्येक ठिपका शेजारच्या ओळीतल्या दोघांच्या मधोमध. एकूण ९१. हे ठिपके रेघांनी जोडा, झाला आजचा विषय, त्रिकोणी आखणीचा कागद. आता तो घरच्या प्रिंटरवर छापून मिळतो, एवढंच.

माझी आत्या हा कागद उदबत्तीने करायची. जुन्या वर्तमानपत्रावर खुणा करून एकेक भोक जाळायचं. कागद गेरूवर पसरून वरून रांगोळी भुरभुरायची, हात फिरवायचा, अलगद उचलला की ठिपके हजर. उदबत्ती जरा जास्त टेकली की दोन भोकांचं एक व्हायचं. त्या कामासाठी आम्ही पोरी भांडायचो. आत्या पट्टी वापरत नसे. खराट्याची काडी तोडून घ्यायची. काडीच्या अंतरावर दोन ठिपके, आणि दोन्हींपासून तीच काडी तिरकी धरून जिथे टोक मिळेल तिथे तिसरा. तिचं सहा पाकळ्यांचं फूल गोल यायचं.

तेच फूल मी शाळेत चौकटीच्या वहीत काढलं. दोन घरं सोडून ठिपका, दोन घरं खाली पुढची ओळ. फूल उभट आलं आणि ‘हाताला वळण नाही’ असा लाल शेरा मिळाला. तो मला आजही लागतो, कारण चूक हाताची नव्हतीच. ठिपके २ सेंटीमीटरवर असतील तर ओळींमधलं अंतर १.७३ हवं, २ नव्हे. चौकटीत ते बसणार कसं? लहान मुलीला ‘तुला येत नाही’ म्हणण्याआधी तिचा कागद बघा हो!

दहाच मिनिटं उरली म्हणतायत, म्हणजे गोधडीचं भरभर सांगते. छापताना माप १०० टक्के ठेवा. ‘फिट टू पेज’ केलंत तर त्रिकोण लहान होतात आणि आधी कापलेल्या तुकड्यांशी जुळत नाहीत. सहा त्रिकोणांचा एक षटकोन. तो कागदातून कापा, कापड भोवती पाव इंच जास्त ठेवा, दुमडून टाके घाला. दोन त्रिकोण जोडले की शंकरपाळं. तीन शंकरपाळ्यांचे रुंद कोन एका टोकाशी आणून फिकट, मध्यम, गडद रंग दिलात तर सपाट कापडावर ठोकळा उभा दिसतो. क्रॉस-स्टिचची, म्हणजे चौरसात फुली घालायच्या टाक्याची, नक्षी मात्र यावर उतरवू नका. या ठिपक्यांवर चौरस बसतच नाही, कुठलेही चार ठिपके घेऊन बघा. आठ पाकळ्यांचं कमळ हवं तर सरळ, म्हणजे चौकटीत एकाखाली एक येणारे ठिपकेच घ्या.

टेबलावर कागद ठेवलेत, एकेकीने दोन घ्या. शेजारी खराट्याच्या काड्याही आहेत. आधी त्रिकोणाच्या तिन्ही बाजू काडीने मोजा, मग रंग उघडा.