मंत्रचळ आणि श्रद्धा : त्या विचाराला उत्तर देऊ नका

नमस्कार. असे समजा की रात्री अकरा वाजता एक मुलगी गुडघे टेकून प्रभूची प्रार्थना म्हणते आहे. ‘तुझे नाव पवित्र मानले जावो’ इथवर येताच येशूविषयी एक घाणेरडा शब्द तिच्या मनात चमकून जातो, म्हणून ती पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करते. असे करता करता पाऊण वाजतो, गुडघे सुन्न पडतात, तरी ‘आमेन’ काही येत नाही.

ओसीडी, म्हणजे नको असलेले विचार आणि ते शमवण्यासाठी पुन्हापुन्हा केलेल्या कृती यांचा आजार; त्याला मराठीत मंत्रचळ म्हणतात. कोणी पुन्हापुन्हा हात धुतले की घरच्यांना शंका येते. पण हाच आजार श्रद्धेला चिकटला की तो भक्तिभाव वाटतो, मंडळीत त्याचे कौतुकही होते, आणि ते माणूस आतल्या आत झिजत राहते.

‘यात्रिकक्रमण’ ज्यांच्या पुस्तकाचे मराठी रूप, त्या जॉन बन्यन या सतराव्या शतकातील इंग्रज धर्मोपदेशकांनी १६६६ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात हेच लिहिले आहे. ‘ख्रिस्ताला विकून टाक’ हा विचार जेवताना, लाकूड फोडताना, सुमारे वर्षभर त्यांचा पिच्छा पुरवत होता, आणि ते हातांनी, कोपरांनी त्याला ढकलत ‘हजारो जगे मिळाली तरी विकणार नाही’ असे उत्तर देत राहिले. शेवटी एका सकाळी दमून ‘जायचे तर जाऊ दे’ असे मनात आले, आणि आपल्याला आता क्षमा नाही या भीतीने त्यांना घेरले. नको असलेला विचार कोणाच्याही मनात येतो. आजार वाढतो तो त्याला दिलेल्या उत्तराने, कारण प्रत्येक उत्तराने घटकाभर बरे वाटते आणि धोका खरा होता अशी मेंदूची खात्री पटते.

‘पवित्र आत्म्याविरुद्धच्या दुर्भाषणाला क्षमा नाही’ या वचनाची भीतीही अशीच छळते. मार्कच्या तिसऱ्या अध्यायात हे शब्द येशूच्या कामाला जाणूनबुजून सैतानाचे काम म्हणणाऱ्या शास्त्र्यांना उद्देशून आहेत. मनात आपोआप उमटलेल्या आणि नकोशा वाटणाऱ्या शब्दाबद्दल नाहीत. मात्र हे स्पष्टीकरण एकदाच ऐका. खात्रीसाठी रोज ऐकू लागलात, तर तेही उत्तर देणेच होईल.

उपचाराची दिशा १९६६ मध्ये लंडनचे मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी दाखवली : भीतीला सामोरे जायचे, पण ती शमवणारी कृती करायची नाही. त्या मुलीने प्रार्थना एकदाच म्हणायची, मध्ये काहीही आले तरी ‘आमेन’पर्यंत जायचे आणि ती ‘नीट’ झाली का, हे न ठरवता झोपायचे. पहिल्या काही रात्री फार जड जातात, म्हणून हे प्रशिक्षित मानसतज्ज्ञाच्या सोबतीने करावे; चांगला तज्ज्ञ तुम्हाला पाप करायला किंवा श्रद्धा सोडायला सांगत नाही. मनोविकारतज्ज्ञाने दिलेल्या गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागू शकतात. त्या घेणे म्हणजे अविश्वास नव्हे.

पाळकांना आणि फादरांना माझी कळकळीची विनंती आहे. तोच प्रश्न दहाव्यांदा आला, तर पुन्हा वचन काढून समजूत घालू नका. ‘याचे उत्तर मी दिले आहे, आता पुन्हा देणार नाही, पण मी तुझ्याजवळ बसतो’ असे म्हणा, आणि खरोखर बसा. समोरच्या माणसाला जीव नकोसा वाटत असेल, तर ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर आजच, त्यांच्यासोबत बसूनच, फोन लावा.