‘लाँग’चं ‘लाँगर’ होतं कधी?

(दृश्य : टेबलावर दोन कागदी पट्ट्या. छोटे हात त्या सरळ लावतात.)

निळी पट्टी १५ सेंटिमीटरची, लाल २० ची. दोन्हींची डावी टोकं एका रेषेत आली, आता लांब कोणती हे उघड दिसतंय. टोकं मागेपुढे राहिली असती तर मुलं फसली असती आणि इंग्रजीचा तास ‘लांब कोणती’ या वादातच संपला असता. म्हणून तोंड उघडण्याआधी पट्ट्या नीट लावायच्या.

मागचा फळा कोरा आहे, आणि तो मुद्दाम कोरा ठेवलाय. ‘लाँग, लाँगर, लाँगेस्ट’ असा तीन रकान्यांचा तक्ता मुलं लगेच पाठ करतात, तालासुरात म्हणूनही दाखवतात. मग या दोन पट्ट्यांबद्दल एक वाक्य बोलायला सांगावं, तर उत्तर येतं : “रेड इज लाँग दॅन ब्लू.” तक्त्यातलं ‘लाँगर’ तक्त्यातच राहतं.

यात मुलांचा आळस नाही. “लाल पट्टी निळीपेक्षा लांब आहे” या मराठी वाक्यात तुलनेचं सगळं काम एकटं ‘पेक्षा’ करतं आणि ‘लांब’ जागचं हलत नाही. इंग्रजीला तुलना दोन ठिकाणी दाखवावी लागते : विशेषणाला ‘ई-आर’ जोडायचं आणि पुढे ‘दॅन’ही म्हणायचं. मुलाच्या कानाला ‘दॅन’ म्हणजे ‘पेक्षा’. ते आलं की त्याच्या लेखी वाक्य पूर्ण झालं. ‘मोर लाँग’, ‘मोस्ट लाँग’ हेही असंच ‘जास्त लांब’, ‘सर्वात लांब’ यांतून येतं. नियम अर्धवट कळला की ‘मोर लाँगर’.

(दृश्य : चार कार्डं. त्यातलं एक अगदी लहान.)

‘रेड इज’, ‘लाँग’, ‘दॅन ब्लू’ ही तीन मोठी कार्डं आणि ‘ई-आर’चं हे एक छोटं. अट एकच : छोटं कार्ड ‘लाँग’ला चिकटल्याशिवाय ‘दॅन’चं कार्ड उचलायचं नाही. मुलगा घाईने ‘दॅन’कडे हात नेतो. बाई बोलत नाहीत, मधल्या मोकळ्या जागेवर फक्त बोट ठेवतात. छोटं कार्ड तिथे बसतं. आता तोच मुलगा कार्डांकडे न बघता पूर्ण वाक्य म्हणतो.

तिसरी, पिवळी पट्टी १० सेंटिमीटरची. ती पहिल्या दिवशी बाहेर काढायची नाही. दोन वस्तूंची तुलना जिभेवर बसली की मगच ती येते, आणि ती आल्यावर खरं काम करते ती मधली निळी.

(दृश्य : तीन पट्ट्या. निळीवर बोट.)

“ब्लू इज लाँगर दॅन यलो.” बोट सरकतं. “ब्लू इज शॉर्टर दॅन रेड.” पट्टी एकच, पण एकदा लाँगर आणि एकदा शॉर्टर. ‘लाँगर’ म्हणजे ‘खूप लांब’ अशी बऱ्याच मुलांची समजूत असते. तो त्या पट्टीचा गुण नाही, शेजारी काय ठेवलंय त्यावर ठरणारी गोष्ट आहे, हे व्याख्येने समजत नाही, निळी पट्टी समजावते. इथे हवा तेवढा वेळ द्यावा.

मग लालकडे : “रेड इज द लाँगेस्ट.” इथे ‘द’ सुटतो आणि सवयीने ‘दॅन’ घुसतो. ‘लाँगेस्ट’नंतर ‘दॅन’ नाही. तिन्हींपैकी म्हणायचं तर ‘ऑफ द थ्री’, खोलीतली सर्वात लांब म्हणायचं तर ‘इन द रूम’.

पट्ट्यांच्या जागी मुलांना रांगेत उभं करू नये. ‘शॉर्टेस्ट’ कोण, ‘फॅटेस्ट’ कोण, हे एखाद्या मुलाला वर्षभर चिकटतं.

(दृश्य : वही. पेन्सिल ‘बिगर’ लिहिते, एकाच ‘जी’ने.)

‘ई-आर’ जोडण्याआधी ‘बिग’सारख्या छोट्या शब्दाची शेवटची तीन अक्षरं बघायची : व्यंजन, स्वर, व्यंजन. असं असेल तर शेवटचं अक्षर दोनदा : बिगर, हॉटर, थिनर. ‘हॉटर’मध्ये एकच ‘टी’ लिहिला तर वाचताना त्याचं ‘होटर’ होईल. आधीचा स्वर आखूड ठेवायला दुसरा ‘टी’ लागतो. ‘क्लीन’मध्ये स्वर दोन, ‘स्मॉल’च्या शेवटी व्यंजनं दोन, तिथे दुप्पट नाही. ‘स्लो’चा ‘डब्ल्यू’ही एकटाच. ‘लार्ज’च्या शेवटी ‘ई’ आहेच, नुसता ‘आर’ पुरे. ‘हॅपी’चा ‘वाय’ जाऊन ‘आय’ येतो.

(दृश्य : टाळ्या वाजवणारी मुलं.)

‘ई-आर’ की ‘मोर’, हे कानाने ठरतं, अक्षरं मोजून नाही. शब्द म्हणताना उच्चाराच्या प्रत्येक तुकड्याला (सिलॅबलला) एक टाळी. ‘स्ट्रेट’मध्ये अक्षरं आठ, टाळी एक : स्ट्रेटर. ‘ब्यूटिफुल’ला टाळ्या तीन : मोर ब्यूटिफुल. अडतं ते दोन टाळ्यांना. शेवटी ‘वाय’ असेल तर ‘ई-आर’ : ईझीअर, हेव्हीअर. ‘नॅरो’, ‘सिंपल’, ‘क्लेव्हर’ही ‘ई-आर’ घेतात. ‘केअरफुल’, ‘मॉडर्न’, ‘फेमस’ यांना ‘मोर’.

‘गुड-बेटर-बेस्ट’ आणि ‘बॅड-वर्स-वर्स्ट’ मात्र सरळ पाठ. मूल ‘गुडर’ म्हणालं तर रागावू नये, नियम कळल्याची ती खूण आहे. ‘बेटर’ घालून वाक्य परत म्हणून दाखवावं.

(दृश्य : डाव्या हातात लाल पट्टी, उजव्यात बाकीच्या दोन.)

परीक्षेतला ‘चेंज द डिग्री’चा, म्हणजे अर्थ न बदलता ‘लाँग-लाँगर-लाँगेस्ट’ यांतलं रूप बदलून वाक्य लिहिण्याचा, प्रश्न यानंतर फारसा अडत नाही. लाल पट्टी वेगळी धरायची आणि एकच गोष्ट तीन तऱ्हांनी म्हणायची. “रेड इज द लाँगेस्ट स्ट्रिप.” “रेड इज लाँगर दॅन एनी अदर स्ट्रिप.” “नो अदर स्ट्रिप इज अ‍ॅज लाँग अ‍ॅज रेड.” ‘अदर’ हमखास गळतो. तो गळला की लाल पट्टी स्वतःपेक्षाही लांब ठरते, कारण तीही पट्टीच आहे. ‘अदर’ म्हणजे उजव्या हातातल्या त्या दोन. शब्द म्हणताना तोच हात वर करायचा.