पोटातला खडा आणि छातीतलं दुखणं

(सोलापुरात दिलेल्या एका आरोग्य व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. आपल्या मराठीत पित्त या शब्दाचा पसारा फार मोठा आहे. छातीत जळजळलं तर पित्त, डोकं चढलं तर पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच. माझ्या दवाखान्यात रोज चार-पाच माणसं खुर्चीत बसायच्या आधीच सांगतात, "पित्त झालंय ओ डॉक्टर, एखादी गोळी द्या." बहुतेकांचा त्रास जठरातल्या आम्लाचा असतो. खरं पित्त निराळं. यकृत दिवसाला अर्धा ते एक लिटर हिरवट-पिवळा रस तयार करतं, तो पित्त. तो उजव्या बरगडीखालच्या एका छोट्या पिशवीत, म्हणजे पित्ताशयात, साठतो, आणि आपण तेलकट-तुपकट जेवलो की ती पिशवी आकसून तो आतड्यात सोडते. खडे होतात ते या पिशवीत.

सोलापूरच्या पूर्व भागातले एक यंत्रमाग कामगार माझ्याकडे येतात. वय ५२. दोन वर्षांपूर्वी सोनोग्राफीत त्यांचे खडे दिसले होते. एका रात्री अकराच्या सुमारास बेंबीच्या वर, मधोमध दुखायला लागलं. दरदरून घाम आला, दोन उलट्या झाल्या. घरात सगळ्यांना ठाऊक होतं की यांना खडा आहे. मग खाण्याचा सोडा झाला, ओव्याचं पाणी झालं, पित्ताची गोळी झाली. सकाळी सहाला ते माझ्यासमोर होते, आणि मीही आधी पोटच तपासलं. सोनोग्राफी आधी लिहिली, ईसीजी नंतर. ईसीजीची पट्टी बाहेर आली तेव्हा दिसलं की हृदयाच्या खालच्या भिंतीला झटका आलेला आहे आणि सात तास उलटून गेलेत. ते वाचले. पण तेवढ्या वेळात जो स्नायू मेला तो मेलाच. आज एक जिना चढला तरी त्यांना धाप लागते. त्या सकाळपासून मी हा विषय जिथे बोलावतील तिथे बोलतो.

हृदयाची खालची भिंत छातीच्या पडद्यावर टेकलेली असते आणि पडद्याच्या लगेच खाली पोट. त्यामुळे तिथला झटका पोटात दुखल्यासारखा वाटतो. उलटही घडतं. पित्ताशयाला जोराची सूज आली की मज्जातंतूंच्या मार्फत हृदयाचे ठोके मंदावतात, क्वचित ईसीजीही बदलतो. नुसत्या बोटाने दाखवलेल्या जागेवरून भेद करता येईल, हा भरवसा मी केव्हाच सोडला.

पण पित्ताचा खडा आणि हृदय या दोघांचं नातं दुखण्याच्या जागेपुरतंच नाही. कोलेस्टेरॉल म्हटलं की आपल्याला हृदय आठवतं. हा पदार्थ माणसाला पहिल्यांदा सापडला तो मात्र पित्ताच्या खड्यात, अठराव्या शतकात, फ्रान्समध्ये. पुढे शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाने त्याला नाव दिलं ते ग्रीक शब्दांवरून: कोले म्हणजे पित्त, स्टेरिओस म्हणजे घट्ट. घट्ट झालेलं पित्त! रक्तवाहिनीत साचणाऱ्या पदार्थाचं नावच मुळी खड्यावरून पडलं आहे.

जादा कोलेस्टेरॉल शरीराबाहेर टाकायचा यकृताचा मुख्य रस्ता पित्ताचा. पित्तात ते विरघळून राहतं, कारण सोबत पित्तक्षार आणि लेसिथिन नावाचा स्निग्ध पदार्थ असतो. प्रमाण बिघडलं की काय होतं ते घरातल्या बायकांना सांगायला नको. पाकात साखर जास्त झाली की तळाशी खडे धरतात, तसंच. काही खडे रक्तातल्या रंगद्रव्याचेही असतात, त्यांची गोष्ट वेगळी. पण कोलेस्टेरॉलचे खडे होतात ते बहुधा पोटाचा घेर वाढलेल्या, साखर वाढलेल्या, इन्सुलिन नीट काम न करणाऱ्या शरीरात. अशा शरीरात यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल ढकलतं, रक्तात ट्रायग्लिसराइड नावाची चरबी वाढते, आणि ज्याला आपण चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतो ते एचडीएल कमी होतं. एकाच बिघाडाचे हे दोन परिणाम. एक पिशवीत दिसतो, दुसरा हृदयाच्या धमनीत मुकाट्याने वाढतो.

याला मोठा आधार चीनमधून मिळाला. चीन म्हटलं की सोलापूरकराला डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवणारच. १९१० साली याच गावात जन्मलेला हा माणूस १९४२ मध्ये तिथल्या जखमींची सेवा करता करता गेला. त्याच देशात जवळपास ५ लाख माणसांवर वर्षानुवर्षं नजर ठेवली गेली. २०१५ साली त्याचा निष्कर्ष छापून आला: पित्ताचे खडे असलेल्यांत हृदयविकाराचा धोका सुमारे २३ टक्क्यांनी जास्त. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या जवळपास २ लाख ७० हजार माणसांच्या अभ्यासातही दिशा तीच निघाली.

हे २३ टक्के नीट समजून घ्या, कारण इथे माणसं उगाच घाबरतात. खडा असलेल्या शंभरातल्या २३ जणांना झटका येतो, असा याचा अर्थ नाही. खडा नसलेल्या एखाद्या मोठ्या समूहात शंभर जणांना हृदयविकार झाला, तर खडा असलेल्या तेवढ्याच समूहात तो १२३ जणांना होतो, एवढंच. आणि खड्यामुळेच हृदय बिघडतं, असं यातून सिद्ध होत नाही. मला त्या अमेरिकेतल्या अभ्यासातली एक गोष्ट जास्त अस्वस्थ करते. जे लठ्ठ नव्हते, ज्यांना मधुमेह किंवा रक्तदाब नव्हता, त्यांच्यात हे नातं उलट जास्त ठळक दिसलं. म्हणजे "मी तर बारीक आहे, मला काय होतंय" म्हणणाऱ्याला खडा निघाला, तर त्याच्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

खडा निघाला की आपल्याकडे दोनच प्रश्न येतात: ऑपरेशन करायचं का, आणि हुलग्याच्या काढ्याने विरघळेल का. काढ्याने पित्ताचा खडा विरघळत नाही. पानफुटीनेही नाही. मुतखड्याचे उपाय इथे लावू नका. त्रास न देणाऱ्या खड्याला सहसा हात लावत नाहीत, कारण वर्षाला शंभरातल्या एक ते चार जणांनाच त्याचा त्रास सुरू होतो. वारंवार कळ येत असेल तर मात्र शस्त्रक्रिया टाळू नका. दुर्बिणीतून ती करण्याची पद्धत १९९० साली डॉ. टेहेमटन उडवाडिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात आपल्या देशात आणली. आज ती सोलापुरातही सर्रास होते.

पण तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही: खडा का झाला? पिशवी काढली तरी साखर, रक्तदाब, कंबरेचा घेर तिथेच असतो. म्हणून सोनोग्राफीत खडा दिसला की त्याच आठवड्यात उपाशीपोटीची साखर, लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) आणि रक्तदाब तपासून घ्या. विडी वळणाऱ्या माझ्या मावश्या-ताईंना मी हे हात जोडून सांगतो. दिवसभर मांडी घालून बसायचं, नाकातोंडात तंबाखूची धूळ, त्यावर मिश्री. बाळंतपणांमुळे बायकांत खडे जास्तच होतात. आणि बाईच्या छातीत दुखलं की घरातला प्रत्येकजण "पित्त असेल" म्हणून मोकळा होतो.

उपासाबद्दलही बोलायला हवं, कारण आपला जिल्हा पंढरपूरचा. एका एकादशीने खडा होत नाही. पण वजन उतरवायला आठवडेच्या आठवडे उपाशी राहिलात तर पिशवी आकसत नाही, पित्त आत घट्ट होतं, खडे धरतात. वजन हळूहळू उतरवा. कोजागरीला पायी तुळजापूर गाठणारे पाय वर्षातले बाकीचे दिवसही चालू देत.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठीत विचारलंय, "गोळी घेऊन किती वेळ वाट बघायची?" ताई, जेवणानंतरची नेहमीची जळजळ असेल तर गोळी घ्या, बघा. पण बेंबीच्या वर किंवा छातीत दाटून आलंय, घाम फुटलाय, जबडा किंवा डावा हात भरून आलाय, किंवा मधुमेह आहे आणि अचानक विनाकारण गळून गेल्यासारखं वाटतंय, तर अजिबात वाट बघू नका. रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करा. ईसीजी ठीक आला तरी दुखणं थांबलं नसेल तर थोड्या वेळाने तो पुन्हा काढायला सांगा, कारण पहिल्या पट्टीत कधीकधी काहीच दिसत नाही. आणि ती पट्टी सोनोग्राफीच्या फायलीतच जपून ठेवा. पुढच्या वेळी रात्री दोन वाजता तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरला जुनी पट्टी शेजारी धरून बघता आली, तर नवं काय बिघडलंय ते लगेच कळतं.