एका कोयत्यात दोन माणसं

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातल्या वाड्यावस्त्या रिकाम्या व्हायला लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, बाजरीची पोती, शेळ्या, लेकरं. गाड्या ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. पुढचे पाच-सहा महिने मुक्काम उसाच्या फडाजवळ, कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत.

मजूर पुरवणाऱ्या मुकादमाच्या वहीत नवरा-बायकोची नोंद मिळून एकच: एक कोयता. एकटं माणूस आलं, तर अर्धा कोयता.

निंदणी-खुरपणीला बाईची हजेरी वेगळी, गड्याची वेगळी. तिची कमी असते, आणि किती कमी हे गावात कुणीही सांगू शकतं. फडात हा फरक सांगताच येत नाही, कारण तिथे बाईची म्हणून मजुरीच नसते. उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात, हिशोब टनावर, आणि टनाचे पैसे कोयत्याला. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. तीही कोयत्याचीच.

काम मात्र दोघांचं. तो ऊस तोडतो. ती मोळी बांधते, डोक्यावर घेते, गाडीपर्यंत वाहते. तोडलेला ऊस पडून राहिला की वजन घटतं, साखरेचा उतारा घसरतो. म्हणून गाडी मध्यरात्री आली तरी भरायला उठायचं. आणि पहाटे पुन्हा पाणी, चूल, भाकरी, पोराची झोळी. हे कुठल्याच टनात धरलं जात नाही. मुकादमाला जोडपं का हवं असतं, ते इथे कळतं. एका उचलीत तोडणारा मिळतो, वाहणारी मिळते, आणि दोघांना उद्याच्या कामासाठी उभं ठेवणारा स्वयंपाकही मिळतो. जोडीला उचल जास्त, म्हणून पोरींची लग्नंही लवकर उरकली जातात.

दिवस बुडाला की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. पाळी असो, ताप असो. फडात आडोसा नाही, पुरेसं पाणी नाही. २०१९ मध्ये सरकारी समितीसाठी बीडमध्ये ८२ हजारांहून जास्त ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली होती. प्रत्येक शस्त्रक्रियेमागे पाळीतला खाडा टाळणं हेच कारण होतं असं नाही, कॅन्सरची भीती घालूनही अनेकींना टेबलावर घेतलं गेलं. तरी हा आकडा नुसता आरोग्याच्या खात्यात टाकणं मला मान्य नाही. तो मजुरीचाही आकडा आहे.

वेगळी रीत याच राज्यानं पाहिली आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला, बांध घालायला बाया मोठ्या संख्येनं आल्या. पुढे १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. तिथे काम मापून दाम, आणि दर बाईला-गड्याला एकच. मस्टरवर तिचं नाव तिच्या स्वतःच्या ओळीत.

फडातही तिच्या हातात थोडे पैसे येतात. उसाचे हिरवे शेंडे, म्हणजे वाढे. ऊस भरून झाला की ती त्यांच्या पेंढ्या बांधते आणि जनावरंवाल्यांना विकते. मीठ-मिरची, तेल, पोराचं औषध त्यातून निघतं. अनेकींसाठी सबंध हंगामात थेट हाती पडलेली कमाई तेवढीच असते.