वाटेत वजन किती घटतं?

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'औद्योगिक विकासातील प्रादेशिक असमतोल'. पत्रिकेला भारदस्त दिसावंच लागतं. माझा प्रश्न साधा आहे: कच्च्या मालाचा पक्का माल होताना वजन किती घटतं?

शंभर किलो कापूस जिनिंगला घातला की चौतीस-पस्तीस किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. म्हणून जिनिंग यवतमाळ-अमरावतीतच; सरकी मुंबईपर्यंत कोण वाहून आणेल? रुईचं सूत होताना मात्र वजन फारसं घटत नाही. गठाण बांधली की गिरणी कुठेही चालते. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये एम्प्रेस मिल नागपुरात काढली, कापूस जवळ होता म्हणून. तरी गिरण्यांची दाटी मुंबईतच झाली, कारण बंदर इथे, पेढ्या इथे. उसाचं उलट: शंभर किलोत साखर दहा-अकरा किलो, आणि तोडलेला ऊस पडून राहिला की उतारा घसरतो. साखरेवर बोलत बसलो तर अध्यक्षांचं भाषण राहील. राहिलं तर चालेल म्हणताय? बरं.

पोलादाचं गणित उसासारखं. टनभर पोलादाला दीड टनाच्या वर लोहखनिज, शिवाय कोळसा, चुनखडी. म्हणून कारखाना खाणींजवळ, जमशेदपूरला; ते तेव्हा बिहारात होतं. मग पोलाद वापरणारे कारखानेही तिकडेच वाढायला हवे होते की नाही?

इथे माझं जुनं दुखणं सुरू होतं. १९५६ पासून केंद्राने पोलादाचं रेल्वेभाडं समान केलं. देशभरच्या वाहतुकीची सरासरी काढायची, ती किमतीत मिळवायची, आणि कुठल्याही स्टेशनावर भाव एकच. जमशेदपूरच्या फाटकासमोरचा फॅब्रिकेटर, म्हणजे पोलाद कापून-जोडून सांगाडे करणारा, आणि ठाण्यातला फॅब्रिकेटर, दोघांना पोलादाचा अँगल एकाच भावाने. म्हणजे ठाण्याच्या अँगलचं थोडं भाडं तो फाटकासमोरचा भरत होता! कापसाला ही सोय नाही. बंगालच्या गिरणीने विदर्भाची रुई भाडं मोजूनच न्यायची. हेतू चांगला होता, सगळीकडे कारखाने निघावेत. झालं असं की बिहारची मोठी जमेची बाजू गेली, आणि आपलं बंदर, बाजारपेठ, १९१५ पासूनची खोपोलीची वीज जागच्या जागी राहिली. १९६२ मध्ये एमआयडीसी आली, वागळे इस्टेट वसली. तिथे नोकरी करून फ्लॅट घेतलेले बरेच जण समोर दिसतायत. आभाराचं एक पोस्टकार्ड पाटण्याला टाका; जमशेदपूर आता झारखंडात, म्हणून एक रांचीलाही.

हे समानीकरण नव्वदीच्या सुरुवातीला उठलं. तोवर इथे जमलेला शेजार कोण हलवणार?

चिठ्ठी आली, दहा मिनिटं. मराठवाडा-विदर्भ राहिलाय, आणि तोच तर विषय होता.

१९६४ पासून राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना आहे. मुंबई-ठाणे-पुण्याबाहेर जा, सवलत घ्या. पुढे तालुक्यांचे वर्ग पडले, ड+ म्हणजे मागास तालुक्यात जास्त सवलत. ठीक. आता तिथल्या शेडमध्ये एक शाफ्ट, म्हणजे यंत्राचा फिरणारा दांडा, करून बघा. ईएन-८ जातीच्या पोलादाचा पन्नास मिलीमीटरचा बार. बँडसॉवर तोडा, लेथवर टर्निंग करा, शेवटी घासून नेमकं माप आणायच्या ग्राइंडिंगसाठी व्यासावर ०.३ मिलीमीटर जास्त ठेवा, कीवे म्हणजे चावीची खाच मारा, मग इंडक्शन हार्डनिंग, म्हणजे विजेने तापवून वरचा थर कडक करणं. हार्डनिंगला शाफ्ट वाकतो, कीवेमुळे तर हमखास. व्यासावर ०.३ म्हणजे एका बाजूला जेमतेम ०.१५. बाक त्याहून जास्त राहिला की ग्राइंडिंगला एक बाजू घासली जाते, दुसरी काळीच राहते, आणि जॉब भंगारात. म्हणून आधी डायल गेजने बाक मोजून प्रेसवर सरळ करायचा. नवी मुंबईतल्या रबाळ्यात हार्डनिंगवाला आणि ग्राइंडिंगवाला दोन गल्ल्यांच्या अंतरावर. सकाळी टेम्पोत टाकलेला जॉब संध्याकाळी परत. तिकडे हेच दीडशे किलोमीटरवर, आणि वाकून आला तर दुसरी खेप. कराचा परतावा मिळतो माल विकल्यावर. शाफ्ट त्याच्या आधीच अडलेला असतो.

म्हणून नव्या वसाहतीत पहिले प्लॉट हार्डनिंग, ग्राइंडिंग, प्लेटिंग आणि साचे-हत्यारं करणाऱ्या टूलरूमला द्या, मोठ्या कारखान्याला नंतर. वाळूजला उलट्या क्रमाने जमलं हे मान्य: १९८५ च्या सुमारास दुचाकींचा मोठा कारखाना आला, मागोमाग सुटे भाग करणारे आले. पण तसा कारखाना प्रत्येक तालुक्याला कुठून आणणार?

पाण्याचं राहिलंच. बारवी धरण एमआयडीसीने बांधलं नसतं तर ठाणे-बेलापूर पट्ट्यात रसायनं कशाच्या जोरावर आली असती? अध्यक्ष घड्याळ काढून ठेवतायत. थांबतो.