संबळ दिसतं, पण ऐकू का येत नाही?

नमस्कार मंडळी! गोंधळ, भारूड, लावणी नव्या ढंगात, मागे ड्रमसेट, बाजूला बेस गिटार. अशा कार्यक्रमात दहाव्या रांगेतल्या माणसाला संबळ, म्हणजे गोंधळातलं काठ्यांनी वाजवायचं जोडवाद्य, वाजताना दिसतं, पण ऐकू येत नाही. हे साउंडचेकलाच, म्हणजे कार्यक्रमाआधी आवाज तपासतानाच, कसं सोडवायचं, ते बघू.

आधी पट्टी, म्हणजे गायकाचा सा कुठे आहे ते. गायक म्हणतो काळी चार (पेटीची चौथी काळी पट्टी), गिटारवाला म्हणतो जी शार्प. एकच गोष्ट आहे. कॅपो (गिटारच्या तारा दाबून सूर चढवणारी पकड) पहिल्या फ्रेटवर, हात जी कॉर्डचा. काळी पाच असेल तर कॅपो तिथेच, हात ए कॉर्डचा. खरी गोची पेटीची. जुनी पेटी 440 हर्ट्झवर (आज सगळे वापरतात त्या प्रमाण सुरावर) असेलच असं नाही, आणि ती स्टेजवर काही सुरात लावता येत नाही. म्हणून ट्यूनरवर पेटीचा सा बघा आणि गिटार, बेस, कीबोर्ड तिला मिळवा. तुणतुण्याची खुंटीही तिच्याच षड्जाला पिळायची.

आता लय. सगळ्यात जास्त वाट इथेच लागते. गोंधळात आवाहन सुरू होतं. तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा, एकेकाला बोलावत संबळ हळूहळू चढत जातं. समजा मिनिटाला 90 ठोक्यांवर सुरू झालेलं गाणं शेवटी 125 ला पोचतं. ड्रमरच्या कानात मात्र 90 चा क्लिक, म्हणजे एकाच लयीत टिकटिकणारा ठोका! मग संबळवाल्याला मागे ओढलं जातं आणि गोंधळाचं बँडगाणं होतं. क्लिक काढून टाका. पडद्यावरच्या व्हिडिओसाठी हवाच असेल तर तालमीत संबळाची खरी चढ रेकॉर्ड करून क्लिक तिच्यावर बांधा. ड्रमरच्या मॉनिटरमध्ये (वादकाला ऐकायला ठेवलेल्या स्पीकरमध्ये) संबळ सगळ्यात वर हवं. आणि दोघांना जवळ बसवा. आवाजाला एक मीटर जायला साधारण 3 मिलिसेकंद लागतात. सात मीटर अंतर ठेवलंत तर 20 गेलेच, आणि तेवढ्यात ठेका सैल वाटायला लागतो.

ढोलकीला दोन माइक, शाईला (बारीक सुराच्या तोंडाला) एक आणि धुमेला (खर्जाच्या तोंडाला) एक, कातड्यापासून चार बोटं लांब. धुमेवर तळहात दाबून जो घुमारा निघतो तो खर्जाच्या सुरांत असतो, आणि नेमकं तिथेच किक ड्रम आणि बेस ठाण मांडून बसलेले असतात. मिक्सरवरचा ढोलकीचा फेडर (आवाज वाढवायची सरकपट्टी) वर ढकलून उपयोग नाही, फक्त शाई टणटण करत कानात घुसेल. घुमाऱ्याच्या जागी बेसवाल्याने हात उचलायचा. हे काम मिक्सरचं नाही, अरेंजमेंट करणाऱ्याचं आहे.

तुणतुणं मुळातच हळू आवाजाचं. स्टँडवरचा माइक उघडला की शेजारचं संबळच त्यात जास्त शिरतं, आणि आवाज वाढवला की शिट्टी. त्यापेक्षा लाकडी नळकांड्याला चिकटवायचा पिकअप (लाकडाची थरथर पकडणारा छोटा माइक) लावा आणि माणूस ड्रमसेटपासून लांब उभा करा.

राहता राहिलं कातडं. दमट हवेत ते सैल पडून सूर उतरतो, एसी हॉलमध्ये सुकून चढतो. म्हणून ढोलकी हॉलची हवा खाऊ द्या, निदान तासभर, मग कड्या ठोका. दिमडी-हलगी शेकायला जाळ लागतो, पण नाट्यगृहात तो चालत नाही. हॅलोजनचा दिवा विंगेत ठेवा, दिमड्या दोन आणा, एक वाजतेय तोवर दुसरी शेकू दे. दिव्याला फार जवळ धरलीत तर कातडं फाटेल, हात लावून बघत राहा. कातड्याऐवजी प्लॅस्टिकचं पान असलेली दिमडी उतरत नाही, हे खरं. पण तिचा आवाज डब्यासारखा येतो, निदान आमच्या कानाला.

साउंडचेकचा क्रम उलटा ठेवा. ड्रमसेटने सुरुवात केलीत तर तासभर त्यातच जातो आणि तुणतुण्याच्या वेळी प्रेक्षकांना आत सोडायची वेळ होते. आधी तुणतुणं, मग गायक, पेटी, संबळ, ढोलकी. ड्रम आणि बेस सगळ्यात शेवटी, आणि तेही बाकीचे वाजत असतानाच. मैदानावर कार्यक्रम असेल तर वेळेचं गणितही बघा. वेगळी परवानगी नसेल तर लाउडस्पीकर रात्री 10 ला बंद. तेव्हा आवाहन साडेनऊला ठेवू नका.