नाणं, पत्ते आणि रघुवीर

जादू शिकणाऱ्या एका मुलाचा हा हात बघा. तळव्यात दोन रुपयांचं नाणं आहे. अंगठ्याखालचा फुगीर भाग आणि करंगळीकडची बाजू, एवढ्यातच ते धरलंय आणि बोटं पूर्ण मोकळी. याला क्लासिक पाम म्हणतात. आता हाच हात पेन उचलतोय, वहीचं पान उलटतोय, केस मागे घेतोय, तरी नाणं जागचं हललेलं नाही.

हे तो शिकला जे. बी. बोबोच्या नाण्यांच्या जादूवरच्या पुस्तकातून, १९५२ सालचं पुस्तक, आणि ते त्याला मिळालं इथे, पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात, जुन्या पुस्तकांच्या या ढिगात. शेजारी पडलंय ते ह्यूगार्ड आणि ब्राउचं पत्त्यांच्या जादूचं, १९४८ चं. त्याच्या पहिल्या प्रकरणात चमत्कार-बिमत्कार काही नाही, नुसते पत्ते पिसायला शिकवलंय! पुस्तक घाई करू देत नाही, व्हिडिओत ट्रिक अर्ध्या मिनिटात फुटते आणि मुलाला वाटतं आली आपल्याला.

फ्रान्सच्या रॉबेर-उदँ या जादूगाराची गोष्ट तर भारीच आहे. घड्याळं बनवायला शिकणारा हा पोरगा, घड्याळांचं पुस्तक आणायला गेला आणि दुकानदाराने चुकून दिलं जादूचं, असं त्याने स्वतःच आत्मचरित्रात लिहिलंय. पुढे तेच आत्मचरित्र एका अमेरिकन पोराने वाचलं आणि त्याच्या नावावरून स्वतःचं नाव ठेवलं, तोच जादूगार हुदिनी.

आणि आपल्या पुण्यात? आपल्याकडे जादूगार रघुवीर. चाकणजवळच्या गावातून आलेला माणूस, ज्यांची पुढची पिढी आणि त्यांचा नातूही स्टेजवर उभा राहिला, आणि ज्यांनी प्रवासाच्या आठवणी मराठीत लिहून ठेवल्या. जादू शिकणाऱ्या प्रत्येक मराठी मुलाने त्या आधी वाचाव्यात असं मला मनापासून वाटतं, कारण बोबो हात शिकवतो, पण समोर बसलेल्या माणसांशी मराठीत बोलायचं कसं ते त्यात कुठून येणार.

तिकीट काढून जादू बघायला जाणारे आता कमी झालेत.

आरशासमोर रोज तासभर त्याची प्रॅक्टिस चालते, आधी उजवा हात, मग डावा. गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमात दहा मिनिटं मिळालीयेत, दोनच प्रयोग करणार आहे, एक नाण्याचा आणि एक पत्त्यांचा.